हमदम दलालाने स्वतःचं घर विकलं तेव्हा

कोकंदमध्ये घर घ्यायचं असेल तर हमदम-अकाला शोधत फिरावं लागत नाही. सकाळी तो जुन्या बाजाराच्या चहाखान्यात दाराजवळच्या बाकावर असतो. दुपारनंतर कुठल्यातरी गल्लीत दिसतो, हात पाठीमागे बांधलेले, उजव्या पायावर जरा कमी भार, आणि मागे घर बघायला निघालेलं एखादं कुटुंब. अका म्हणजे थोरला भाऊ. आमच्याकडे परक्या माणसालाही अशीच हाक मारतात. मला तो परका नाही. माझी थोरली बहीण अदोलत त्याला दिलेली आहे. मी खेड्यात खरबुजं पिकवतो; शहरात माल आणला की गाडी त्याच्या दारात लागते आणि मी त्याच्या ओसरीवर. तेव्हा इथे सांगतो त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि निम्मं बहिणीने सांगितलं आहे. ती वाढवून सांगत नाही. उलट कमीच सांगते.

त्याचा बाप गुरांच्या बाजारात दलाल होता. विकणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात एकमेकांत अडकवायचा, वरून आपले दोन्ही हात घट्ट धरायचे आणि हलवत राहायचं. हलवता हलवता भाव बोलायचे. एक म्हणतो इतके, दुसरा हात ओढून घ्यायला बघतो, दलाल सोडत नाही. खांदे भरून येतात, बघ्यांची गर्दी होते, आणि शेवटी दोघांच्या तोंडून ‘बरकत होवो’ निघालं की मगच हात सुटतात. त्यानंतर त्या सौद्यातून कुणी मागे फिरत नाही. बापाने लेकाला एकच गोष्ट बजावून सांगितली होती : जे जनावर विकायला घेतलंस, ते स्वतः घ्यायचं नाही. मधला हात मधेच राहिला पाहिजे.

हमदम-अकाने बापाचे हात घरांच्या धंद्यात आणले. नवे पोरगे दलाल फोनवर फोटो टाकतात, फोटोत खोली आहे त्याच्या दुप्पट दिसते. हा अजून ओसरीवर दोघांना समोरासमोर बसवून हात हलवतो. पोरगे हसतात. तोही त्यांच्याबरोबर हसतो आणि हलवत राहतो.

घर दाखवायची त्याची एक पद्धत आहे. तो आधी खोट दाखवतो. ओली भिंत, जिथे दर वसंतात मिठासारखं पांढरं फुटतं तो कोपरा, कुलूप न लागणारं दार. मग ओसरीवर बसवतो, चहा मागवतो आणि गप्प होतो. घेणाऱ्याने शेजाऱ्यांचे आवाज ऐकावेत म्हणून. कुणाचं मूल रडतं, कुणाची सून ताटं आपटते, कुणाचा कोंबडा अवेळी ओरडतो, सगळं ऐकून घ्यावं आणि मग ठरवावं. जर्दाळू फुललेला असताना तो घर दाखवायला नाखूश असतो. म्हणतो, फुलांत सगळीच घरं चांगली दिसतात, फेब्रुवारीत या, चिखलात या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चार भिंती. घर विकायला काढलं की बाहेर कुणाच्या कानावर घालण्याआधी विकणाऱ्याला घेऊन तो चार शेजाऱ्यांकडे जातो. उजवीकडचा, डावीकडचा, मागचा आणि समोरचा. हातात दोन नान. दारात उभं राहून विचारायचं, “आम्ही घर काढलंय. तुम्हाला हवं असेल तर पहिला हक्क तुमचा.” शेजारी म्हणतो, “आम्हाला काय करायचंय, भला माणूस येऊ दे म्हणजे झालं.” नान घेतो, दोन शब्द बोलतो, झालं. सगळ्यांना माहीत असतं की शेजारी घेणार नाही. तरीपण विचारायचं. आमच्याकडे न विचारता विकलेल्या घरात नवा माणूस वर्षानुवर्षं उपरा राहतो. लग्नाचं बोलावणं त्याला सगळ्यात शेवटी जातं. ही रीत आता सुटत चालली आहे. पण हमदम-अकाने एवढ्या वर्षांत एकही भिंत चुकवली नव्हती. निदान दुसऱ्यांच्या घराची.

गेल्या काही वर्षांत मात्र तो थकला होता. पाय दुखतो म्हणायचा, पण पायाचं तेवढं नव्हतं. “पूर्वी माणसं घर घ्यायची,” एकदा मला म्हणाला, “आता भाव घेतात.” शहराच्या कडेला नऊ-नऊ मजल्यांच्या इमारती उठल्या. नव्या जोडप्यांना तिथलंच हवं. लिफ्ट हवी, अंगण झाडायला नको. रशियाहून, कोरियाहून पैसे घेऊन आलेल्यांना मोटार आत येईल एवढं फाटक लागतं. द्राक्षाचा मांडव किती जुना, पाटाला पाणी कधी येतं, हे कुणी विचारेनासं झालं. गॅसचा दाब किती, वीज किती वेळा जाते, एवढंच विचारतात. फ्लॅटचे भाव दर तीन महिन्यांनी चढतात आणि आतल्या गल्ल्यांतली अंगणाची घरं जिथल्या तिथे उभी, बैलगाडी रुतावी तशी. एकेक घर तो वीस-वीस जणांना दाखवायचा. एकविसावा म्हणायचा, विचार करून सांगतो.

असं असताना त्याला स्वतःचं घर काढावं लागलं.

थोरल्या मुली दिल्या घरी गेलेल्या. धाकटा मुलगा झोहिद ताश्कंदमध्ये, बायको-पोरांसह भाड्याच्या घरात. घरमालक दर हिवाळ्यात भाडं वाढवायचा, आणि नाही जमलं तर जा म्हणायचा. आमच्याकडे म्हातारे आईबाप धाकट्या मुलाजवळ राहतात, हे ठरलेलं असतं. झोहिद कोकंदला येणार नाही, काम तिकडे. मग म्हाताऱ्यांनीच तिकडे जायचं. त्याने तीन खोल्यांचा एक फ्लॅट बघून ठेवला, एक खोली आईबापांसाठी. बांधणाऱ्याने भाव एप्रिलच्या शेवटापर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर नवा भाव. कोकंदचं घर तोवर विकलं तर तीन खोल्या, नाही तर जे मिळेल ते. मार्च उजाडला होता.

“एवढं काय त्यात?” मी म्हटलं. “आख्ख्या शहराची घरं विकलीस. तुझं विकायला काय लागणार?”

हमदम-अका मागच्या भिंतीकडे बघत राहिला. भिंतीपलीकडे हातोडा वाजत होता.

त्या हातोड्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मागच्या भिंतीपलीकडे तुर्गुन राहतो. पत्र्याचं काम करतो. पन्हळी, बादल्या, धुराड्याच्या टोप्या, छपराच्या कडेला लावायची पत्र्याची नक्षी. ज्या वर्षी रूबलच्या नोटा जाऊन सोमच्या आल्या, त्या वर्षी तो कारखान्यातून घरी बसला. पगार नाही, आशा नाही. तेव्हा अर्धं शहर सामान बांधून निघालं होतं. जाणारे मिळेल त्या भावाने घर फुंकून टाकत होते. तुर्गुनचं अंगण लांबलचक, दोन गल्ल्यांच्या मधे पसरलेलं. तो हमदम-अकाकडे आला. तेव्हा दोघे चांगले दोस्त.

“मागचा अर्धा भाग विकू का थांबू?” त्याने विचारलं. “पत्र्याचं दुकान टाकायचंय.”

“थांबू नकोस,” हमदम-अका म्हणाला. “भाव पडेल अजून.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याने सात जणांना ती जागा दाखवली, कुणी घेईना. आणि घरी अशी गत की चार भाऊ, चार सुना, एक चूल. माझी बहीण दुसऱ्या बाळंतपणानंतर कोठीच्या खोलीत झोपायची. शेवटी एके दिवशी तो तुर्गुनला म्हणाला, “मीच घेतो.” एका जुन्या मोटारीच्या किमतीला. आताचं घर त्याच जागेवर बांधलेलं आहे. दोघांनी हात मिळवले. मधे धरायला कुणी नव्हतं.

भाव खरोखर आणखी दोन वर्षं पडला. मग थांबला. मग चढायला लागला, आणि बारा-तेरा वर्षांत कुठल्या कुठे गेला. कुणीतरी तुर्गुनला सांगितलं की तुझ्या त्या अर्ध्या अंगणात आज काय आलं असतं. त्या दिवसापासून तुर्गुन बोलायचा बंद झाला. लग्नात, मयतीत दोघे समोर आले तरी दस्तरखानाच्या, म्हणजे जेवणाच्या चादरीच्या, दोन टोकांना बसायचे. मध्ये मातीच्या विटांची भिंत. तिला ना खिडकी, ना भोक. हमदम-अकाने माझ्याशी वाद घालताना शंभरदा म्हटलं असेल, “पण पडला होता की नाही भाव? दोन वर्षं पडला होता!” मी कधी विचारलंच नव्हतं. तो आपणहूनच सुरू व्हायचा.

घर दाखवायला सुरुवात झाली. पहिलं गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको, मोटारीचे सुटे भाग विकणारे. हमदम-अकाने सवयीप्रमाणे ओली भिंत दाखवली, ओसरीवर बसवलं, चहा आला. आणि पलीकडे धडाधड पत्रा सुरू झाला. असा की पेल्यातला चहा थरथरावा.

“हे रोज असतं?” बाईने विचारलं.

“सकाळी असतं,” अदोलत म्हणाली, “आणि गिऱ्हाईक आलं की असतं.”

हमदम-अकाने तिच्याकडे रागाने बघितलं. ती म्हणाली, “तुम्हीच म्हणता ना, खोट आधी दाखवावी? मी दाखवली.”

ती माणसं गेली. दुसरी आली, तीही गेली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिसरा आला : कुद्रत मास्तर. खेड्यातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला, मुलीजवळ शहरात यायचं म्हणणारा. पत्रा सुरू झाला. मास्तर डोळे मिटून चहा प्यायला.

“आवाजाचं काय?” हमदम-अकाने स्वतःच विचारलं.

“कसला आवाज? चाळीस पोरांचा वर्ग ऐकलाय मी तीस वर्षं. हा माणूस निदान एका तालात मारतो.”

भाव बोलणं झालं. मास्तरने फार ओढलं नाही. मी त्या दिवशी तिथेच होतो. मला वाटलं, संपलं, सुटले बिचारे. अदोलतने तर नान मोडून मध्ये ठेवली. तेवढ्यात मास्तर म्हणाला, “अका, पंधरा वर्षांपूर्वी माझ्या मामाचं घर तुम्ही विकलंत. मामा शेवटपर्यंत सांगायचा की हमदम दलालाने मला चार दारांत नेलं, म्हणून गेलो त्या दिवसापासून आपला झालो. मलाही नेऊन आणा. मग हात मिळवू.”

“ने की,” मी म्हटलं.

तो उठला. उजवीकडचा नान भाजणारा, डावीकडची टोप्या शिवणारी विधवा, समोरचा बसवाला म्हातारा. तिघांनी मास्तरला छातीशी हात धरून सलाम केला, भला माणूस दिसतोय म्हणाले. तिघांकडून परत येईपर्यंत हमदम-अकाची चाल मंदावत गेली होती. फाटकाशी येऊन तो थांबला.

“आणि मागचा?” मास्तरने विचारलं.

“तो घरी नाही.”

पलीकडे हातोडा वाजत होता. एकेक ठोका मोजून घ्यावा इतका स्पष्ट. मास्तरने डोकं तिरकं करून थोडा वेळ ऐकलं.

“अका,” तो हळूच म्हणाला, “घरी नसलेला माणूस चांगला ठोकतोय.”

मी हसलो. मग हमदम-अकाचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं. मास्तर मोठ्या मनाचा. म्हणाला, “मी परवा येतो. घाई नाही.” पायात बूट चढवून निघून गेला.

साऱ्या जन्मात एकच भिंत चुकवली होती, आणि ती आपल्याच घराची. हे त्यालाही कळत होतं, मलाही, ओसरी झाडणाऱ्या माझ्या बहिणीलाही. ती झाडू थांबवून म्हणाली, “अहो, जाऊन या. खाणार आहे का तो? दात तरी किती उरलेत त्याला?”

“काय बोलू जाऊन?”

“जे सगळ्यांच्या दारात बोलता तेच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे निघालो. दोन नान फडक्यात बांधून माझ्या हातात. भिंत ओलांडली तर दहा पावलं. पण भिंत ओलांडता येत नव्हती म्हणून सगळी गल्ली संपवून, मशिदीला वळसा घालून, मागच्या गल्लीत जावं लागलं. एवढं चालायला त्याला पाव तास लागला. वाटेत दोनदा थांबला. एकदा म्हणाला पाय, एकदा काहीच म्हणाला नाही.

तुर्गुन अंगणात बसला होता, मांडीवर पत्रा. सत्तरी उलटलेला, पण मनगटं अजून जाड. आम्हाला पाहून त्याने हातोडा खाली ठेवला नाही.

“सलाम आलेकुम, तुर्गुन-अका.”

“व आलेकुम.” अठरा वर्षांनंतरचा पहिला शब्द. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “खरबुजंवाले, तू तरी बस. उभ्या माणसाकडे बघून मान दुखते.”

मी बसलो. हमदम-अका उभाच राहिला. उभा राहूनच म्हणाला, “मी घर काढलंय. तुला हवं असेल तर पहिला हक्क तुझा.”

सगळे शेजारी जिथे ‘आम्हाला काय करायचंय’ म्हणतात तिथे तुर्गुनने अंगठ्याने पत्र्याची कड चाचपली.

“भाव काय?”

हमदम-अकाने सांगितला. मास्तरला सांगितला होता तोच. एक डॉलर इकडे नाही, एक तिकडे नाही.

“आणि तू कितीला घेतलं होतंस?”

“तुला माहितीये.”

“मला माहितीये. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

हमदम-अकाने तोही आकडा सांगितला. त्या आकड्यात आज फाटकसुद्धा येणार नाही. तुर्गुनने मान हलवली, पोराने पाढा बरोबर म्हटल्यावर मास्तर हलवतो तशी.

“दोन वर्षं पडला होता भाव,” हमदम-अका म्हणाला. त्याच्याने राहवलं नाही.

“पडला होता,” तुर्गुन म्हणाला. “पण भाव पडून झाल्यावर पुढे काय होईल, ते मी विचारलं असतं तर तू मला काय सांगितलं असतंस? तू दलाल होतास का घेणारा होतास? मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुला कळलं असेल तर सांग.”

खाली अंगणात पत्र्याचे तुकडे पसरलेले, ऊन त्यांच्यावर पडून छपराच्या आतल्या बाजूला ठिपके हलत होते. मी त्या ठिपक्यांकडेच बघत राहिलो.

“घेतो मी,” तुर्गुन म्हणाला.

“काय?”

“पहिला हक्क माझा म्हणालास ना? घेतो. नातवाचं लग्न आहे शरदात. माझा पोरगा कोरियात आहे, पैसे मेच्या मध्यापर्यंत येतील. तू सांगतोस त्या भावाने. मी ओढत नाही.”

“मला एप्रिलअखेर लागतात. झोहिदच्या फ्लॅटला.”

“मग नोटरीकडे जा.” तुर्गुनने हातोडा उचलला. “नोटरीच्या कागदात मी कुठेच नाही. मास्तरला दे. कोण अडवतंय?”

नान त्याने ठेवून घेतल्या. मला वाटलं होतं परत करील.

येताना हमदम-अका एकदाही थांबला नाही. घरी येऊन ओसरीच्या खांबाला टेकून बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दुपारी झोहिदचा फोन आला. बहिणीने सगळं सांगितलं असणार, कारण पोरगा ओरडतच होता, मलाही ऐकू येत होतं.

“बाबा, कायद्यात शेजारी नसतो! मास्तरचे पैसे घ्या आणि मोकळे व्हा. तीन आठवड्यांत इथला भाव कुठे जाईल माहितीये तुम्हाला?”

“माहितीये. माझा धंदाच तो आहे.”

“मग? त्या म्हाताऱ्याने अठरा वर्षं तोंड दाखवलं नाही, त्याच्यासाठी?”

“त्याच्यासाठी नाही रे.”

“मग कुणासाठी?”

हमदम-अकाने फोन कानापासून लांब धरला, जणू उत्तर फोनमध्येच कुठेतरी सापडेल. मग म्हणाला, “पोरा, मी थकलोय. लोकांची घरं विकताना चार दारं विचारत आलो, ते एक माझ्याकडे शिल्लक आहे. तेवढं विकायला लावू नकोस.”

झोहिद म्हणाला, “आईला द्या.” आईशी तो काय बोलला कोण जाणे. तिने फक्त हं, हं केलं आणि फोन ठेवून चुलीकडे गेली. तिचाही संसार त्या तीन खोल्यांत जायचा होता, एक खिडकी नातवंडांच्या खोलीकडे उघडणारी. संध्याकाळच्या शोरब्यात मीठ जास्त पडलं होतं.

मास्तर ठरल्याप्रमाणे आला. हमदम-अकाने त्याला सगळं सांगितलं, लपवलं नाही. “चौथ्याने मागितलंय.” मास्तरने दाढी कुरवाळली. “म्हणजे रीत नुसती नान वाटायची नसते तर,” म्हणाला. रागावला नाही, पण हिरमुसला. मग हमदम-अका पायाकडे न बघता सलग सहा दिवस त्याच्याबरोबर फिरला, आणि दोन गल्ल्या सोडून त्याला घर काढून दिलं. विहीर असलेलं, हातोडा नसलेलं. चार दारं स्वतः नेऊन फिरवली. त्या सौद्याची दलाली घेतली नाही. मी म्हटलं, वेडा आहेस. तो म्हणाला, खरबुजं उतरवून घे.

एप्रिल संपला. फ्लॅटचा नवा भाव निघाला. झोहिदने फोन करून आकडा सांगितला आणि फोन ठेवला. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग मेचे दिवस एकेक करून सरकू लागले. तुर्गुनचा पोरगा पैसे पाठवणार की नाही, की हा सगळा अठरा वर्षं साठवलेला सूड होता, कुणाला ठाऊक? अदोलत रोज सकाळी हातोड्याचा आवाज ऐकायची आणि म्हणायची, “आहे अजून. पळून गेला नाही.” हमदम-अका चहाखान्यात जायचा, बाकावर बसायचा, कुणी घर विचारलं तर सांगायचा. घरी येऊन भिंतीकडे पाठ करून बसायचा.

मेच्या अठरा तारखेला तुर्गुन आला. गल्ली संपवून, मशिदीला वळसा घालून, पुढच्या दाराने. नवी टोपी, बगलेत पिशवी. ओसरीवर बसला, इकडेतिकडे बघितलं. त्या अंगणात तो अठरा वर्षांनी आला होता. तुतीचं झाड होतं तिथे नजर गेली. तुती अजून होती, त्यानेच लावलेली.

“पैसे आलेत,” म्हणाला. “पण मधे दलाल पाहिजे. मागच्या वेळी नव्हता.”

हमदम-अकाने माझ्याकडे बघितलं. तुर्गुननेही. मी म्हटलं, “अरे मी खरबुजंवाला.”

“हात आहेत ना दोन?” तुर्गुन म्हणाला. “धर.”

मी धरले. एक हात जाड, पत्र्याने चिरलेला; दुसरा हजार हात धरून धरून मऊ पडलेला. दोन्ही थंड. भाव ठरलेलाच होता, ओढायचं काही नव्हतं, तरी मी हलवत राहिलो, कारण तसंच करायचं असतं. किती वेळ हलवायचं हे कुणी मला शिकवलं नव्हतं. माझे खांदे भरून आले. शेवटी हमदम-अका म्हणाला, “मी तेव्हा घ्यायला नको होतं. तुला गिऱ्हाईक आणून द्यायला हवं होतं.”

“हो,” तुर्गुन म्हणाला. मग थोड्या वेळाने, “बरकत होवो.”

“बरकत होवो.”

मी हात सोडले तेव्हा माझीच बोटं उघडेनात.

कागद झाले. पैसे ताश्कंदला गेले. त्यात झोहिदला दोन खोल्या आल्या, शहराच्या बाहेरच्या टोकाला. दोन खोल्या, नवरा-बायको, दोन पोरं. तो म्हणाला, “या तुम्ही, सांभाळून घेऊ,” आणि तो मनापासून म्हणतोय हे आवाजातून कळत होतं. पण अदोलत एकदा जाऊन बघून आली. परत येऊन म्हणाली, “पोरं आमच्या गादीवर झोपतील आणि आम्ही पोरांच्या जिवावर. एवढ्यात नको.” मग जायचं कुठे, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. सामान मात्र बांधायला घेतलं. गाद्यांची वळकटी, चहाचा समोवार, नातवंडांचे फोटो. मी म्हटलं माझ्याकडे चला, खेड्यात. हमदम-अका म्हणाला, “तिथे मी काय विकू? तुझी खरबुजं?”

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी आम्ही ओसरीवर चहा पीत होतो, वळकट्या भिंतीला लावलेल्या, आणि मागच्या भिंतीतून ठोका आला. पत्र्याचा नव्हे, मातीचा. दुसरा आला. भिंतीतून धूळ उडाली, एक वीट आत ढकलली गेली, मग दुसरी, आणि त्या भोकातून तुर्गुनचं डोकं दिसलं, भुवयांवर माती.

“विटा फोडत नाहीये, नीट काढतोय,” तो म्हणाला. “नातवाच्या खोलीला लागतील.”

भोक माणूस जाईल एवढं व्हायला दुपार झाली. तो वाकून आत आला, गुडघे झटकले, वळकट्यांकडे बघितलं.

“ह्या कुठे चालल्या?”

अदोलतने त्याच्यासाठी पेला भरला.

“लग्न शरदात आहे. तेव्हाही पोरांना या बाजूच्या दोनच खोल्या लागतील. गल्लीकडच्या खोलीत उंदीर फिरणार आहेत का?” मग हमदम-अकासमोर बसला, अदोलतने दिलेला पेला दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, “दलाल, तुझा धंदा आहे म्हणून विचारतो. आमच्या गल्लीत एका खोलीचं भाडं काय चाललंय सध्या?”

हमदम-अकाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आयुष्यभर ज्याने जो भाव विचारला तो त्याने खरा सांगितला होता. तसाच तोही सांगितला, नेमका, एक सोम कमी नाही, जास्त नाही. मग जरा थांबला. माझी बहीण चुलीपाशी हालचाल न करता उभी होती.

“पण घाई करू नकोस,” तो म्हणाला. “भाव पडेल अजून.”

तुर्गुनने पेला ओठापर्यंत नेला होता तो तसाच धरून ठेवला. त्याच्या खांद्यावर विटेची माती होती, ती हलायला लागली. मला आधी कळेना की तो हसतोय. मग तो उठला, वाकून भोकातून आपल्या बाजूला गेला, आणि पलीकडून त्याचा आवाज आला.

“मग पडू दे. पडला की सांग.”